कूफा ते सिल्वासा : एका पोटकलमाचा इतिहास

फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेने पाच कौटुंबिक कायद्यांतून एका आजाराचं नाव काढून टाकलं. ख्रिस्ती घटस्फोटाचा १८६९ चा कायदा, मुस्लिम विवाहविच्छेदाचा १९३९ चा, विशेष विवाहाचा १९५४ चा, हिंदू विवाहाचा १९५५ चा आणि हिंदू दत्तक व निर्वाहाचा १९५६ चा. या पाचही कायद्यांत जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे त्याच्यापासून सुटण्याचं किंवा वेगळं राहण्याचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. ते त्या दुरुस्तीने गेलं. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर दोन-चार ओळींत बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी शिळी झाली.

या पाचांपैकी १९३९ च्या कायद्यातलं पोटकलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या चार कायद्यांत हा आजार वेगळ्या वाटांनी आला. मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात मात्र तो बाराशे वर्षांच्या वादातून आला, आणि त्या वादात एका बाजूला काजी होते, दुसऱ्या बाजूला हकीम. वादाची सुरुवात इराकमधल्या कूफा शहरात झाली. त्याचा कायदा होण्यात मुंबईतल्या अभ्यासाचाही वाटा होता. आणि ज्या वैद्यकीय ज्ञानामुळे ते कारण शेवटी गैरलागू ठरलं, त्यातला एक धडा दमणगंगेच्या काठी, सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांवर गिरवला गेला.

आठव्या शतकातल्या कूफ्यात इमाम अबू हनीफा यांच्याभोवती शिष्यांचं मंडळ जमलेलं होतं. त्यांच्यापुढे आलेल्या असंख्य प्रश्नांपैकी एक असा होता : नवऱ्याला असा आजार असेल की संसार होऊच शकत नाही, तर बायकोने काय करायचं? नवऱ्याला तलाकचा अधिकार होता, त्याला कारण सांगावं लागत नव्हतं. बायकोला काजीकडे जावं लागे. अबू हनीफा आणि त्यांचे थोरले शिष्य अबू यूसुफ यांनी हे दार अगदी अरुंद ठेवलं. नवरा नपुंसक असेल तरच काजीने विवाह मोडावा, कारण तिथे विवाहाचा हेतूच फसलेला असतो. वेड लागलं, महारोग झाला, अंगावर कोड उठलं, तरी बायकोने सोसावं. धाकटे शिष्य मुहम्मद अल-शैबानी यांनी मात्र गुरूपेक्षा वेगळं मत दिलं. नपुंसकत्वात बायकोवरचा अन्याय दूर करायचा म्हणून तिला सोडवतो, तर वेड आणि महारोग यांतही तोच अन्याय आहे, तिथेही तिला निवड मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एकाच पंथाच्या पोथीत ही दोन्ही मतं शेजारी शेजारी नोंदलेली राहिली. पुढे ज्या काळात आणि ज्या मुलखात जे मत उचललं गेलं, त्यावर तिथल्या बायकांचं नशीब ठरलं.

नपुंसकत्वाच्या बाबतीत या विधिज्ञांनी एक नियम घातला होता. काजीने विवाह लगेच मोडायचा नाही, नवऱ्याला एक वर्ष द्यायचं. वर्षच का? त्यांनी कारण दिलं आहे : वर्षात चारही ऋतू येऊन जातात. दोष उष्णतेचा असो, थंडीचा असो, कोरडेपणाचा की ओलाव्याचा, विरुद्ध गुणाचा ऋतू येईल तेव्हा तो बरा व्हायला हवा. चारही ऋतू जाऊन बरा झाला नाही, तर दोष कायमचा समजायचा. हे सरळसरळ युनानी वैद्यक आहे. कायदा लिहिणारे लोक आपल्या काळातलं सर्वांत चांगलं वैद्यकीय ज्ञान हाताशी घेऊन बसले होते. १९३९ च्या भारतीय कायद्यातही नवऱ्याने अर्ज केला तर आपण बरे झालो हे दाखवायला न्यायालयाने त्याला एक वर्ष द्यावं, अशी तरतूद आहे, आणि ती आजही आहे. ऋतूंचं कारण सगळे विसरले, वर्ष मात्र टिकलं.

कूफ्याचा हा वाद अंदालुसियात पोचला तेव्हा त्याला असा भाष्यकार मिळाला जो स्वतः काजीही होता आणि हकीमही. कुर्तुब्याचे इब्न रुश्द (११२६–११९८). युरोपने त्यांना अॅरिस्टॉटलचा भाष्यकार म्हणून डोक्यावर घेतलं, पण त्यांनी सेव्हिल आणि कुर्तुबा इथे न्यायदान केलं होतं, राजवैद्य म्हणून काम केलं होतं, आणि वैद्यकावरही मोठा ग्रंथ लिहिला होता. चारही सुन्नी पंथांचे मतभेद शेजारी मांडून त्यांची कारणं शोधणारा ‘बिदायतुल मुजतहिद’ हा त्यांचा ग्रंथ. त्यात मालिकी पंथाने वेड, महारोग, कोड आणि लैंगिक दोष हेच आजार का निवडले, हा प्रश्न त्यांनी विचारला आहे. काही जण म्हणतात, हे आजार लपून राहतात म्हणून. काही म्हणतात, ते मुलाबाळांत उतरण्याची भीती असते म्हणून. दोन्ही उत्तरं त्यांनी नोंदवली. विवाहाच्या कायद्यात पुढच्या पिढीच्या आरोग्याचा विचार इतक्या उघडपणे केलेला पाहिला की मला त्या काळच्या विधिज्ञांविषयी आदर वाटतो. त्यांची माहिती चुकीची होती, कुष्ठरोग आनुवंशिक नाही. पण आजाराकडे पाहून कायदा ठरवायचा, ही त्यांची रीत योग्य होती.

हिंदुस्थानात हनफी पंथ प्रबळ होता. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनीच्या न्यायालयांत मुसलमानांच्या विवाह-वारशाचे तंटे कुराणाच्या कायद्याने सोडवावेत असा दंडक घातला, आणि मग इंग्रज न्यायाधीशांना हा कायदा समजावून देणारं पुस्तक लागलं. बाराव्या शतकात मध्य आशियातल्या मरगीनानी यांनी लिहिलेला ‘हिदाया’ हा हनफी ग्रंथ चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजीत आणला. तो १७९१ मध्ये लंडनला छापला गेला. जिवंत काजीच्या हातात हिदाया हा अनेक ग्रंथांपैकी एक होता. समोरच्या बाईची अवस्था बघून तो शैबानींच्या मताकडे झुकू शकत होता, किंवा प्रसंग पडला तर दुसऱ्या पंथाच्या काजीकडे प्रकरण पाठवू शकत होता. इंग्रजी न्यायालयात ही सवलत संपली. पुस्तकात पंथाचं जे मान्य मत म्हणून छापलेलं, तेच कायदा. नवरा परागंदा झाला तर हनफी मताप्रमाणे त्याचे समवयस्क मरण्याच्या वयाला पोचेपर्यंत, म्हणजे जवळजवळ त्याच्या नव्वदीपर्यंत, बायकोने वाट बघायची. मालिकी मताप्रमाणे चार वर्षं. फरक अख्ख्या आयुष्याचा होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कोंडीतून काही बायकांनी एक भयंकर वाट काढली. धर्म सोडला की विवाह आपोआप मोडतो असं हनफी मत होतं, म्हणून पंजाबात काही मुसलमान बायका केवळ नवऱ्यापासून सुटण्यासाठी धर्मांतर करू लागल्या. उलेमा हादरले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मदिनेच्या मालिकी मुफ्तींकडून फतवे मागवले आणि हनफी बाईला अडचणीच्या वेळी मालिकी नियम लावता येतो, असा ग्रंथच लिहिला. १९३६ मध्ये काजी मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं. त्याच्या उद्दिष्टांतच म्हटलं होतं की हनफी विधिज्ञांनी स्वतःच गरज पडल्यास मालिकी, शाफिई किंवा हंबली मत वापरायची मुभा दिलेली आहे. सुधारणा हवी तर इतिहास वाचा, असा हा युक्तिवाद होता. उलेमा आणि सुधारक यांची गाठ पडावी असे प्रसंग आपल्या इतिहासात फार थोडे आहेत. त्यांतला हा एक.

त्याच वर्षी मुंबईच्या ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’मध्ये मुसलमान पत्नीच्या विवाह मोडण्याच्या हक्कावर एक लेख आला. लेखक होते आसफ अली असगर फैजी.

फैजींचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरानला झाला. सुलेमानी बोहरा घराणं, तय्यबजींच्या गोतातलं. जंजिऱ्याच्या नाझली बेगम आणि अतिया फैजी याच घराण्यातल्या. मुंबईत झेवियर्स आणि शासकीय विधी महाविद्यालय, पुढे केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज, तिथे निकल्सनसारख्या पंडितांकडे अरबीचा अभ्यास, मग बॅरिस्टरी. १९३३ मध्ये मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन झाली ती फैजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी इस्माइली मृत्युपत्र-कायद्यावरचं त्यांचं पुस्तक निघालं. शासकीय विधी महाविद्यालयाचं प्राचार्यपद १९३५ ते १९३८ डॉ. आंबेडकरांकडे होतं, १९३८ मध्ये ते फैजींकडे आलं आणि १९४७ पर्यंत राहिलं. प्राचार्यपदाबरोबर त्यांच्याकडे पेरी प्राध्यापकपदही होतं. ज्या अर्स्किन पेरीच्या नावाने ते पद होतं, त्याच न्यायाधीशाने १८४७ मध्ये खोजा आणि मेमन मुलींना कुराणाप्रमाणे वारसा नाकारून रूढीप्रमाणे निकाल दिला होता. त्या नावाच्या आसनावर बसून फैजींनी आयुष्यभर दाखवून दिलं की रूढी, ग्रंथ आणि न्यायालयाचा निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीला स्वतंत्र इतिहास आहे.

फैजींचं सर्वांत मोठं काम मात्र कायद्याच्या पाठ्यपुस्तकाचं नव्हे, जरी १९४९ मध्ये निघालेलं त्यांचं ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिलं. दहाव्या शतकात कैरोच्या फातिमी खलिफांचा मुख्य विधिज्ञ काजी नुअमान होऊन गेला. तो ९७४ मध्ये वारला. त्याचा ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ फातिमी राज्याचा अधिकृत कायदा होता आणि बोहऱ्यांमध्ये आजही तो प्रमाण मानतात. शतकानुशतकं ही पोथी बोहरा घरांत हस्तलिखितांच्या रूपात, बाहेरच्या नजरेपासून जपून ठेवलेली. फैजींनी हस्तलिखितं ताडून तिची शुद्ध आवृत्ती तयार केली. पहिला खंड १९५१ मध्ये कैरोत छापला गेला. त्या सुमारास ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. घरातली इस्माइली हस्तलिखितं त्यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली, म्हणजे आता ती कोणाही अभ्यासकाला पाहता येतात. ‘दआइम’चं इंग्रजी भाषांतर ते १९८१ मध्ये वारले तेव्हा अपुरं होतं. इस्माइल पूनावाला यांनी ते तपासून पूर्ण केलं आणि २००२ पासून दोन खंडांत ते बाहेर आलं.

या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची रचना पाहण्यासारखी आहे. अन्न, पेय, मग वैद्यक, कपडे व सुगंध, शिकार, आणि नंतर विवाह, तलाक, दान, मृत्युपत्र, वारसा. औषधपाण्याचं प्रकरण विवाहाच्या प्रकरणाच्या आधी, त्याच पोथीत, त्याच काजीच्या हातचं. आज आरोग्य एका मंत्रालयात आणि विवाहाचा कायदा दुसऱ्या मंत्रालयात बसतो. काजी नुअमानला ही वाटणी ठाऊक नव्हती. घरात काय खावं, आजारी पडल्यावर काय करावं, कोणाशी लग्न करावं आणि ते कधी मोडावं, हा त्याच्या लेखी एकच विषय होता. फैजींनी तो ग्रंथ तसाच्या तसा आपल्यापुढे ठेवला, याबद्दल त्यांचं ऋण मोठं आहे.

काझमींचं विधेयक घासूनपुसून १७ मार्च १९३९ रोजी कायदा झालं. त्याच्या दुसऱ्या कलमात मुसलमान पत्नीला विवाह मोडून मागण्याची कारणं आहेत. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसणं, दोन वर्षं पोटगी न देणं, सात वर्षांची कैद, तीन वर्षं वैवाहिक जबाबदारी न पाळणं, नपुंसकत्व, क्रूर वागणूक. आणि सहाव्या पोटकलमात, दोन वर्षं वेड असणं किंवा कुष्ठरोग किंवा तीव्र गुप्तरोग. कूफ्याच्या धाकट्या शिष्याचं मत शेवटी दिल्लीत जिंकलं. हिंदू पत्नीला देशभर घटस्फोट मिळायला १९५५ उजाडावं लागलं, हे लक्षात घेतलं तर या कायद्याचं मोल कळतं. मुसलमान बाईला सोळा वर्षं आधी आजाराच्या कारणावरून न्यायालयात उभं राहता येत होतं.

१९३९ मध्ये कुष्ठरोगावर उपाय नव्हता. कडूकवठाचं तेल टोचत, त्याने दुखे फार आणि गुण थोडा. १८९८ च्या लेपर्स अॅक्टने अंगावर व्रण असलेल्या निराधार रोग्याला पकडून आश्रमात डांबता येत होतं. मुंबईत १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी माटुंग्याला असा आश्रम उभारला होता. मराठी वाचकाला ॲकवर्थ माहीत आहेत ते शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर पोवाडे गोळा केल्यामुळे. पण वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयाचं नाव त्यांच्यावरून पडलं ते या आश्रमामुळे. औषध नाही, संसर्गाची भीती प्रचंड, रोग्याला समाजात जागा नाही. अशा वेळी बायकोला त्या घरातून बाहेर पडण्याचा हक्क देणं हे माणुसकीचंच होतं. रोग्याच्या बाजूने विचार केला तर ते निर्दय होतं, हेही खरं. त्या काळच्या ज्ञानात दोन्ही गोष्टी एकत्र साधणं शक्य नव्हतं.

आता दमणगंगेकडे. नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली ती मराठ्यांच्या तहामुळे. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं, १७८३ मध्ये नगर हवेलीचा ताबा गेला, १७८५ मध्ये पोर्तुगीजांनी दादरा विकत घेतलं. या मुलखाचा कारभार दमणहून चाले. पोर्तुगीजांनी दमणच्या बिगरख्रिस्ती रहिवाशांच्या चालीरीती गोळा करून १८५४ मध्ये त्यांची संहिता छापली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८६९ च्या फर्मानाने वसाहतींना लावली, तेव्हा गोव्याच्या नव्या काबिजादी, दमण आणि दीव इथल्या अशा चालीरीती नीतीला आणि सार्वजनिक व्यवस्थेला विरोधी नसतील तेवढ्या राखून ठेवल्या.

चालीरीती राखल्या हे वरवर उदार वाटतं. पण राखायचं म्हणजे एका विशिष्ट वर्षी सरकारने त्या ज्या स्वरूपात नोंदवल्या तशाच ठेवायच्या. ब्रिटिश हद्दीत पुस्तकाने काजीचे हात बांधले आणि पोर्तुगीज हद्दीत चालीरीतींच्या संहितेने. फरक हा की ब्रिटिश हद्दीत थानवी, काझमी आणि फैजी यांना जुन्या ग्रंथांच्या आधाराने विधिमंडळात भांडायची सोय होती. सालाझारच्या राजवटीखालच्या नगर हवेलीत तशी सोय नव्हती. पोर्तुगालच्या १९१० च्या घटस्फोट कायद्यात असाध्य सांसर्गिक रोग हे कारण होतं, म्हणजे युरोपचा विचारही त्याच दिशेने चाललेला होता. तरी सिल्वासातल्या माणसाला आपल्या कायद्यात काय असावं हे कोणी विचारलं नाही.

२२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण त्यात होते. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे या मोहिमेत होते हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. पुढची सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार केला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात भारताने सैन्य आणि शस्त्रं जाऊ दिली नाहीत यात काही चुकलं नाही असं ठरलं. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारतात विलीन झाला. विलीनीकरणाच्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. चालू कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले, आणि या प्रदेशावर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार आणला. मग १९६३ च्या विनियमाने भारतीय कायद्यांची लांबलचक यादी इथे लागू केली. शेजारच्या दमणमध्ये पोर्तुगीज नागरी संहिता राहिली. २०२० मध्ये दोन्ही केंद्रशासित प्रदेश एक झाले.

उच्च न्यायालय मुंबईचं, ही गोष्ट साधी वाटते, पण या इतिहासात ती निर्णायक आहे. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

२०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. निम्म्याहून अधिक आदिवासी : वारली, धोडिया, कोकणा. मुसलमान पावणेचार टक्क्यांच्या आसपास. सिल्वासाभोवती कारखाने उभे राहिले, आणि खानवेल, मांदोनी, दुधनीकडचे पाडे मात्र डोंगरात विखुरलेले. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. पण छत्तीसगड आणि दादरा-नगर हवेली त्यानंतरही बराच काळ या रेषेच्या वर राहिले. एवढासा प्रदेश, पण नव्या रुग्णांचं प्रमाण देशात सर्वांत वरच्या फळीत.

यामुळेच २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संशोधनासाठी भारतातून हा प्रदेश निवडला गेला. ब्राझील, इंडोनेशिया, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, टांझानिया हे बाकीचे देश. प्रश्नाची पार्श्वभूमी अशी : रुग्णाच्या घरातल्या आणि आसपासच्या निरोगी माणसांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस दिला, तर आजार पसरणं कमी होतं हे बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं, पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. पण हे रोजच्या सरकारी आरोग्ययंत्रणेतून, आशाताईंच्या आणि उपकेंद्राच्या बळावर जमेल का? आधी रुग्णाची परवानगी घ्यायची, कारण त्याच्या आजाराबद्दल इतरांना कळणार असतं. मग घरातल्या प्रत्येकाची आणि शेजाऱ्यांची कातडी तपासायची, फिकट बधिर चट्टा आहे का पाहायचं, मज्जातंतू जाड झालेत का चाचपायचं. क्षयाची शंका असलेले, गरोदर बायका, अगदी लहान मुलं वगळायची. बाकीच्यांना डोळ्यांदेखत गोळी द्यायची. सर्व देश मिळून सुमारे १ लाख ८० हजार संपर्कातल्या माणसांची यादी झाली, सुमारे १ लाख ५२ हजारांना डोस मिळाला. पात्र माणसांत नकार देणारे एक टक्काही नव्हते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत हा उपाय आला.

नकार इतके कमी, हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. कुष्ठरोग म्हटलं की लोक पळतात असं आपण गृहीत धरतो. इथे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रुग्णाजवळ राहून सुरक्षित राहायचा मार्ग दिला आणि त्यांनी तो घेतला. मुळात बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड द्यायची ताकद असतेच. १९८१ पासूनच्या बहुविध औषधोपचाराने रुग्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाले की थोड्याच काळात त्याच्यापासून संसर्ग होत नाही. बायकोने नवऱ्याला सोडावं असं कोणतंही वैद्यकीय कारण उरत नाही. इब्न रुश्द यांनी नोंदवलेली दोन्ही कारणं, लपून राहणं आणि मुलांत उतरणं, गळून पडली. विधी आयोगानेही २०१५ मध्येच आपल्या २५६ व्या अहवालात कुष्ठरुग्णांविरुद्धचे भेदभाव करणारे कायदे काढून टाकायची शिफारस केली. १८९८ चा लेपर्स अॅक्ट २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ मध्ये ते पाच कायदे दुरुस्त झाले.

पण हा इतिहास इथे संपवला तर त्यातली अर्धी माणसं निसटतात. सहावं पोटकलम नवऱ्याच्या आजाराबद्दल होतं. बायकोला कुष्ठरोग झाला तर? १९३९ च्या कायद्यात त्याबद्दल काहीच नाही, कारण नवऱ्याला कायद्याची गरजच नव्हती. त्याच्या तोंडात तलाक होता. मुंबई उच्च न्यायालयात १९०५ मध्ये न्या. बॅचलर यांनी, एका दमात दिलेला तलाक धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट असला तरी कायद्याने चालतो, असं म्हटलं, आणि ते सूत्र जवळजवळ शतकभर देशभर चाललं. चट्टा दिसल्यावर दवाखान्यात न जाणारी बाई अडाणी असते असं म्हणणाऱ्यांनी तिच्या भीतीचा हिशोब कधी केला नाही. निदान झालं की संसार जाईल, ही भीती कायद्याने खरी ठरवलेली होती.

या भीतीविरुद्ध रस्त्यावर आवाज उठवला तो हमीद दलवाईंनी. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. ते सगळं मराठी वाचकाला माहीत आहे. न्यायालयात मात्र बदल झाला तो पुन्हा ग्रंथवाचनातून. मे २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने निकाल दिला की ‘मी तलाक दिला’ एवढं कैफियतीत लिहिणं पुरेसं नाही. वाजवी कारण होतं, ते बायकोला कळवलं, दोन्ही घरच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला आणि तो फसला, हे सगळं नवऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध केलं पाहिजे. आधार कुराणातल्या मध्यस्थांच्या आयतीचा. १९०५ च्या न्यायालयाने धर्मशास्त्र आणि कायदा यांची फारकत केली होती; २००२ च्या न्यायालयाने मूळ वचन उघडून त्यांना परत जोडलं. फैजी असते तर त्यांना या निकालात आपली रीत ओळखू आली असती. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी तशीच भूमिका घेतली, आणि २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमातला तिहेरी तलाकच अवैध ठरवला.

सिल्वासाचं उच्च न्यायालय मुंबईचं असल्यामुळे पूर्णपीठाचा तो निकाल खानवेलच्या बाईलाही लागू आहे, जसा तो लातूरच्या बाईला आहे. ज्या प्रदेशात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात तिथे या निकालाचं मोल दुप्पट आहे. आता एक मुद्दा न्यायालयांनी स्पष्ट करायला हवा : बायकोचा कुष्ठरोग हे नवऱ्याच्या तलाकचं वाजवी कारण होऊ शकतं का? माझ्या मते होऊ शकत नाही. नवऱ्याच्या बाबतीत हा आजार विवाह मोडायला पुरेसा नाही असं २०१९ मध्ये संसदेने ठरवलं असताना, तोच आजार बायकोला झाला म्हणून तो पुरेसा ठरवणं कोणत्याच पंथाच्या न्यायबुद्धीत बसणार नाही; शैबानींच्या युक्तिवादाचा गाभाच असा होता की अन्याय सारखा असेल तर निवाडाही सारखा हवा. आणि हे बाईला निदानाच्या आधी ठाऊक असायला हवं. आशाताई तिच्याकडे घरच्यांना सांगायची परवानगी मागते तेव्हा गोळ्यांच्या पाकिटाबरोबर ही माहितीही तिच्या हातात पडली पाहिजे. सिल्वासाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि कुष्ठरोग विभागाला मिळून ते करता येण्यासारखं आहे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही.